वाल्पोलिचेल्ला: एकाच मांडवाखालच्या चार वाइन

प्रश्न असा आहे: "भाऊ मिलानला नोकरीला आहे. गणपतीत घरी आला तेव्हा त्याने 'वाल्पोलिचेल्ला रिपास्सो' नावाची रेड वाइन आणली. मागच्या लेबलवर कोर्विना, कोर्विनोने, रोंदिनेल्ला अशी द्राक्षांची नावं आहेत. एका ओळखीच्याने सांगितलं की ही गोड असते. दुसरे म्हणाले, ही 'छोटी अमारोने' आहे, दहा वर्षं जपून ठेवा. नक्की काय आहे ही? कधी उघडू आणि जेवायला काय करू? आमच्याकडे मटण होतं, पण तिखट होतं."

आधी घाईचं उत्तर. ही वाइन गोड नाही. दहा वर्षं ठेवायची नाही. लेबलवरचं साल बघा आणि त्या सालापासून पाच-सात वर्षांच्या आत उघडा. मटण जरूर करा, फक्त त्या दिवशी तिखट निम्म्यावर आणा आणि खडा मसाला वाढवा. बाटली वाढण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. एवढं केलंत तरी संध्याकाळ चांगली जाईल.

आता सविस्तर. ही वाइन माझ्या जिव्हाळ्याची आहे. मी मूळची तासगावकडची. वडिलांची द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड, त्यात माझं लहानपण गेलं. पुढे नाशिक भागात वाइन बनवण्याच्या कामात वीसेक वर्षं काढली, आणि मध्ये एक अख्खा हंगाम इटलीत वेरोनाजवळच्या डोंगरात राबले. तिथे द्राक्षं वाळवायच्या माडीवर पहिल्यांदा गेले तेव्हा पायरीवरच थांबले. रॅकवर ओळीने मांडलेले घड, मधून फिरणारी हवा आणि द्राक्ष सुकताना येणारा तो वास. आपलीच शेड होती ती, फक्त थंडीतली.

वेरोना शहराच्या उत्तरेला लेसिनी डोंगर आहेत. त्यांच्यातून दक्षिणेला उतरणाऱ्या दऱ्यांचा मुलूख म्हणजे वाल्पोलिचेल्ला. पश्चिमेला गार्दा सरोवर, पूर्वेला पांढऱ्या वाइनसाठी नावाजलेलं सोआवे, खाली आदिजे नदीचं मैदान. सरोवरामुळे हिवाळा फार बोचत नाही आणि डोंगरावरून रात्री गार वारा खाली येतो. जमीन कुठे चुनखडीची, कुठे ज्वालामुखीच्या जुन्या राखेची. उतारावर दगड रचून केलेल्या ताली आहेत. चुना-माती न लावता नुसता दगडावर दगड. त्यांना तिथे मारोन्ये म्हणतात. नेग्रार, मारानो, फुमाने, सांत'अंब्रोजो आणि सान पिएत्रो इन कारियानो ही पाच गावं म्हणजे जुना, मूळ भाग. लेबलवर 'क्लासिको' लिहिलेलं असेल तर द्राक्षं या पाच गावांतली आहेत. 'क्लासिको' हा जागेचा शब्द आहे, दर्जाचा नाही. शेजारच्या वाल्पांतेना दरीचं नाव लेबलवर वेगळं येतं, आणि पूर्वेकडच्या दऱ्यांतही आज फार चांगलं काम चाललं आहे. क्लासिको नाही म्हणून बाटली कमी प्रतीची, असं समजू नका.

आता द्राक्षं. ही मिश्रणाची वाइन आहे, एका जातीची नाही, आणि मिश्रणाचा कणा कोर्विना. नियमाप्रमाणे कोर्विना आणि कोर्विनोने मिळून ४५ ते ९५ टक्के असायला हवी, रोंदिनेल्ला ५ ते ३० टक्के, आणि उरलेल्यात २५ टक्क्यांपर्यंत इतर परवानगी असलेल्या जाती. नावं गोड आहेत. कोर्विना हे नाव कावळ्यावरून आलं असं सांगतात, मण्याच्या काळ्या रंगामुळे. रोंदिनेल्ला पाकोळीवरून. मोलिनारा नावाची एक जुनी जात आहे. तिच्या मण्यावरची पांढरी लव पिठासारखी दिसते, म्हणून पिठाच्या गिरणीवरून तिचं नाव. मोलिनारा पूर्वी सक्तीची होती. रंग फिका आणि हवा लागली की पटकन उतरते, त्यामुळे २००३ मध्ये सक्ती गेली आणि बहुतेकांनी ती उपटली. मला त्याचं वाईट वाटतं. थोडी मोलिनारा असली की साध्या वाल्पोलिचेल्लाला एक खारटसर, उत्साही धार येते. आज काही मोजके शेतकरी तिला परत जीव लावत आहेत.

कोर्विनाची साल जाड आणि आंबटपणा चांगला. तुरटपणा मात्र कमी. चव आंबट चेरीची, शेवटी कडू बदामाची हलकी झाक. जाड सालीमुळे ती वाळवणीत टिकते. कोर्विनोने ही तिचीच मोठ्या मण्याची निवड आहे असं लोक कित्येक पिढ्या धरून चालले होते. १९९० च्या दशकात तपासणी झाली आणि ती स्वतंत्र जात निघाली. तिचा घड मोठा, मणी मोठा, तुरटपणा जास्त. पण घडातले सगळे मणी एकसारखे पिकत नाहीत, म्हणून तोडणीत डोळ्यात तेल घालावं लागतं. रोंदिनेल्ला चवीला साधी, पण रोगाला दाद न देणारी आणि दर वर्षी भरवशाने पिकणारी. डीएनए तपासणीत ती कोर्विनाचीच लेक निघाली. आईचा नखरा तिच्यात नाही, घर मात्र तीच चालवते.

बागायतदार वाचकांसाठी एक गोष्ट सांगते, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. कोर्विनाच्या काडीवरचे बुडाकडचे पहिले काही डोळे वांझ असतात. घड येतो तो पुढच्या डोळ्यांतून. आखूड छाटणी केली तर पाला भरपूर आणि घड नाहीत. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीआधी काडी तपासून घेतात, कितव्या डोळ्यात घड आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि मग कात्री लावतात; दुखणं तेच आहे. म्हणून कोर्विनाची काडी लांब राखतात, आणि लांब काडी पसरायला मांडव लागतो. वेरोनाच्या या मांडवाला पेर्गोला म्हणतात. मधल्या काळात फ्रेंच पद्धतीच्या ताठ तारांची फॅशन आली, बरेच मांडव मोडले गेले. अलीकडच्या उन्हाळ्यांत मांडवाखालची सावली पुन्हा मोलाची ठरू लागली आहे, कारण उघड्या घडावर ऊन चटके देतं. तासगावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

या एकाच बागेतून चार वेगळ्या वाइन निघतात: साधी वाल्पोलिचेल्ला, रिपास्सो, अमारोने आणि रेचोतो. द्राक्षं तीच, गावं तीच. फरक एवढाच की मण्यातलं किती पाणी जाऊ दिलं, आणि साखर कुठे थांबवली. हे एकदा लक्षात आलं की जेवणाबरोबर कुठली घ्यायची हा प्रश्न निम्मा सुटतो.

साधी वाल्पोलिचेल्ला ताज्या द्राक्षांची. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडली, चिरडली, आंबवली. रंग माणकासारखा, अल्कोहोल ११ टक्क्यांपासून पुढे, पिताना हलकी. 'सुपेरियोरे' लिहिलेलं असेल तर किमान वर्षभर मुरवलेली आणि थोडी भरीव.

अमारोने आणि रेचोतोसाठी मात्र द्राक्षं वाळवतात. या वाळवणीला आप्पासिमेंतो म्हणतात आणि वाळवायच्या जागेला फ्रुत्ताइओ. तोडणीच्या वेळी सैल, निरोगी घडच वेगळे काढतात. घट्ट घडाच्या पोटात हवा जात नाही आणि तिथून कूज सुरू होते. पूर्वी हे घड बांबूच्या, वेताच्या ताट्यांवर ठेवत. त्यांना आरेले म्हणतात. त्याच ताट्यांवर वसंतात रेशमाचे किडे वाढवायचे आणि शरदात द्राक्षं मांडायची, असा शेतकऱ्यांचा हिशेब होता. आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकच्या बुटक्या क्रेट आहेत, पंखे आहेत, दमट हवा खेचून घेणारी यंत्रं आहेत.

आपल्या बेदाण्याशी तुलना करा म्हणजे फरक कळेल. तासगावात मार्चच्या उन्हात, आधी पोटॅश आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवून मण्यावरचा मेणाचा थर मोकळा करतो; पंधराएक दिवसांत माल तयार. चार किलो द्राक्षाचा साधारण किलोभर बेदाणा. तिकडे काहीही बुडवायचं नाही. मेण तसंच, साल तशीच, हवा थंड. तीन-साडेतीन महिने घड नुसते पडून असतात. १ डिसेंबरच्या आधी गाळायला नियमाने परवानगी नाही, आणि बरेचजण जानेवारीपर्यंत थांबतात. तोवर वजन तीस-चाळीस टक्के उतरतं. बेदाणा होऊ द्यायचा नाही. मणी मऊ, सुरकुतलेला, आत रस जेलीसारखा. आपण घाईने पाणी काढतो, ते सावकाश काढतात, आणि त्या संथपणात मणी जिवंत असतो. आतला आंबटपणा बदलतो, साखर आटून घट्ट होते, वाइनला पुढे जो तुळतुळीतपणा येतो त्याची तयारी इथेच होते.

जानेवारीतली एक सकाळ सांगते. खाली दरीत धुकं साचलं होतं. माडीच्या सगळ्या खिडक्या बंद. ज्यांच्या हाताखाली मी काम करत होते ते गृहस्थ सत्तरीच्या पुढचे. त्यांनी एक क्रेट ओढली, घड देठाने उचलला आणि माझ्या हातात दिला. तोडणीच्या दिवशी हाच घड हाताला जड लागला होता. आता मूठभर वाळक्या फुलांसारखा हलका. त्यांनी एक मणी बोटांत दाबला. साल न फुटता घडी पडली, मग चिरली, आणि गडद जांभळा गर बोटावर चिकटून राहिला. बी तपकिरी, कोरडं, गरापासून स्वच्छ सुटलेलं. एका घडाच्या पोटात करडी बुरशी दिसली, तो घड त्यांनी काही न बोलता बाजूच्या बादलीत टाकला. मग दुसरी क्रेट. असे हजारो घड हाताखालून जातात. दुपारी धुकं विरलं, कोरडा वारा सुटला आणि ते एकेक खिडकी उघडत गेले. पावसाचा अंदाज बघून रात्री दोनला शेडवर प्लास्टिकचा कागद ओढायला धावणारे माझे वडील मला त्या क्षणी आठवले.

म्हणून अमारोने महाग असते. ताज्या द्राक्षांच्या शंभर किलोंतून साध्या वाइनचा सत्तर लिटरपर्यंत उतारा घेता येतो. अमारोनेची मर्यादा चाळीस लिटर. त्यावर तीन-चार महिन्यांची राखण, थंडीत सुस्तावलेल्या यीस्टबरोबर महिना-दीड महिना चालणारं फर्मेंटेशन, आणि किमान दोन वर्षं मुरवण. 'रिझेर्वा' असेल तर चार. अल्कोहोल नियमाने किमान १४ टक्के, प्रत्यक्षात १५-१६ सहज.

यातली सगळ्यात जुनी वाइन रेचोतो, म्हणजे गोड. सहाव्या शतकात इटलीवर राज्य करणाऱ्या गॉथ राजांचा मंत्री कॅसिओडोरस याने राजाच्या पंगतीसाठी वेरोनाकडून ही वाळवलेल्या द्राक्षांची वाइन मागवली. ते पत्र आजही उपलब्ध आहे. द्राक्षं राखून ठेवून थंडीत गाळतात हे त्याने लिहिलंय, आणि ही वाइन इतकी दाट की प्यायची की खायची असा प्रश्न पडावा, अशा अर्थाचं वर्णनही केलंय. रेचोतो हा शब्द स्थानिक बोलीतल्या 'कान' या शब्दावरून आला. घडाला वर दोन बाजूंना जे छोटे फाटे असतात ते कान. तिथे ऊन जास्त, साखर जास्त, म्हणून तेवढेच तोडून वाळवायचे.

रेचोतोत साखर शिल्लक असतानाच यीस्ट थांबवतात. थांबवायचं राहून गेलं की यीस्ट सगळी साखर खाऊन टाकतं आणि वाइन कोरडी, कडवटसर होते. पूर्वी तो बिघाड समजत. १९३६ मध्ये नेग्रारच्या सहकारी वाइनरीत असंच एक विसरलेलं पिंप सापडलं, आणि तळघर सांभाळणारे आदेलिनो लुक्केझे चव घेऊन म्हणाले की ही नुसती आमारो, म्हणजे कडू, नाही, ही अमारोने आहे, अशी तिथली कथा आहे. अमारोने म्हणजे 'मोठी कडू' असं म्हणा. आज तीच त्या मुलुखाची मानाची वाइन आहे.

आता तुमची रिपास्सो. अमारोने गाळून काढली की मागे सालींचा चोथा उरतो. तो ओला असतो, साखर आणि यीस्ट त्यात शिल्लक असतं, रंग आणि वास तर भरपूर. त्या कोमट चोथ्यावर शरदात केलेली साधी वाल्पोलिचेल्ला ओततात. फर्मेंटेशन पुन्हा जागं होतं, साधारण दोन आठवडे चालतं. वाइनमध्ये टक्काभर अल्कोहोल वाढतं, रंग गडद होतो, सुक्या आलुबुखाऱ्याचा, दालचिनीचा वास येतो. रिपास्सो म्हणजे 'पुन्हा नेलेली'. पुरणाची डाळ शिजल्यावर उरलेला कट आपण टाकून देत नाही. त्याची आमटी होते आणि तिला साध्या आमटीत न येणारी चव येते. तसंच हे. ही पद्धत शेतकऱ्यांच्या घरी जुनीच होती, १९६० च्या दशकात 'माझी' (Masi) नावाच्या कंपनीने 'काम्पोफिओरिन' या नावाने ती बाजारात रुळवली, आणि २०१० मध्ये रिपास्सोला स्वतःचा वेगळा दर्जा मिळाला. त्याच सुमारास अमारोने आणि रेचोतो यांना इटलीतला सगळ्यात वरचा दर्जा मिळाला.

'छोटी अमारोने' हे नाव विकणाऱ्यांनी पसरवलं आणि त्यामुळे दोन्हींचं नुकसान झालं, असं माझं मत आहे. लोक रिपास्सोत अमारोनेचा गडगडाट शोधतात आणि काही उत्पादक त्यासाठी ती जड, गोडसर करून ठेवतात. चांगल्या रिपास्सोत आंबट चेरीचा ताजेपणा टिकलेला असतो आणि त्यावर वाळलेल्या फळाची नुसती साय असते. जिभेला ती जराशी गोलसर लागेल. तेवढ्यावरून कुणी गोड म्हणालं असेल.

जेवणाकडे येऊ. तिथले लोक काय खातात ते आधी सांगते, कारण त्यातच आपल्या स्वयंपाकाची वाट दिसते.

वेरोनाचा जुना पदार्थ म्हणजे पास्तिसादा दे कावाल. घोड्याचं मांस कांदा, दालचिनी, लवंग, तमालपत्र, जायफळ घालून स्थानिक लाल वाइनमध्ये मुरवतात आणि कित्येक तास मंद आचेवर शिजवतात. ४८९ साली गॉथ राजा थिओडोरिक आणि इटलीचा तेव्हाचा राजा ओदोआकर यांची वेरोनाजवळ लढाई झाली, मेलेले घोडे लोकांनी असे शिजवून टिकवले, अशी दंतकथा आहे. मसाल्यांची यादी परत वाचा. आपल्या डब्यातलाच खडा मसाला आहे. फक्त मिरची नाही. बरोबर मक्याच्या पिठाची पोलेंता.

दुसरा पदार्थ अमारोनेचा रिझोत्तो. वेरोनाच्या दक्षिणेला ईझोला देल्ला स्काला या गावाभोवती व्यालोने नानो नावाचा बुटका, रस पिणारा तांदूळ पिकतो. तो लोण्यावर परतायचा, वाइन आटवायची, मग गरम स्टॉक पळी-पळीने घालत ढवळत राहायचं, शेवटी लोणी आणि तिथलं मोंते वेरोनेझे चीज. भात जांभळा होतो. घरी मी इंद्रायणी वापरते. चिकटपणा बरोबर मिळतो, फक्त स्टॉक थोडा कमी लागतो. आणि भातात घालायला अमारोने उघडू नका, साधी वाल्पोलिचेल्ला पुरते. मोंते वेरोनेझे चीज नुसतंही या वाइनबरोबर चालतं, जितकं जुनं तितकी वाइन जड घ्यायची. साध्या वाल्पोलिचेल्लाबरोबर तिथे सोप्रेसा नावाचं मऊ सलामी, नाहीतर बोर्लोत्ती नावाच्या राजम्यासारख्या घेवड्याच्या दाण्यांचं, पास्ता घातलेलं दाट सूप. गरिबीतलं जेवण आहे ते, आणि त्याच्याबरोबर गार वाल्पोलिचेल्लाचा ग्लास मला अमारोनेपेक्षा जास्त आवडतो.

आता आपलं जेवण. एक चूक मी स्वतः केली आहे, ती तुम्ही करू नका. वेरोनाहून परतताना एक अमारोने आणली होती. कौतुकाने ती घरच्या मटणाच्या पंगतीला उघडली. ताटात लालभडक रस्सा. पहिल्या घोटालाच सगळ्यांचे चेहरे बदलले. मिरचीची आग आणि १५-१६ टक्के अल्कोहोल एकत्र आले की आग दुप्पट होते, वाइनमधलं फळ गायब होतं आणि उरतो नुसता कडवटपणा. वडिलांनी ग्लास बाजूला ठेवला आणि म्हणाले, "ह्यापेक्षा ताक दे." ते बरोबर होते. दोष वाइनचा नव्हता आणि रश्शाचाही नव्हता, मी दोघांना एका ताटात बसवलं हा दोष होता.

म्हणून तुमच्या रिपास्सोसाठी असं मटण करा. कांदा भरपूर, अगदी तपकिरी होईपर्यंत परतलेला. आलं-लसूण. दालचिनी, लवंग, मसाला वेलची, मिरी, तमालपत्र. भाजलेलं सुकं खोबरं चालेल, उलट चांगलं. त्याचा भाजका गोडवा वाळलेल्या द्राक्षाच्या चवीला जाऊन मिळतो. तिखटाच्या जागी रंगापुरती ब्याडगी. टोमॅटो आणि दही घालू नका, किंवा अगदी बेताने. रस्सा न ठेवता सुकं करा, हाडाजवळचं मांस सुटेपर्यंत मंद आचेवर. भाकरी बरोबर हवीच. वेरोनाची पोलेंता आणि आपली मक्याची भाकरी लांबच्या बहिणी आहेत.

शाकाहारी घरात रिपास्सो किंवा साधी सुपेरियोरे भरल्या वांग्याबरोबर लावून बघा. दाण्याचा कूट, खोबरं, गोडा मसाला, वांग्याची मऊ साल. कोर्विना मुळात कमी तुरट आहे, म्हणून वांग्याच्या कडसरपणाशी तिचं भांडण होत नाही. गूळ किंचितच घाला. मशरूमची कोरडी भाजी, काळ्या घेवड्याची उसळ याही चालतात. मासे, सोलकढी, कैरीचं काहीही, लोणचं, ठेचा यांच्यापासून रिपास्सो लांब ठेवा. गार केलेली साधी वाल्पोलिचेल्ला तिखटाशी जरा जमवून घेते. कोल्हापुरी थाळीबरोबर लाल वाइन हवीच असा हट्ट असेल तर या घराण्यातली तेवढी एकच उघडा.

अमारोने कधी हातात आली तर जेवण संपल्यावर काढा. जुनं, कडक चीज, अक्रोड, सुके अंजीर, आणि तासभर गप्पा. चांगल्या सालाची अमारोने वीस वर्षंही टिकते, पण ज्या घरात मेमध्ये खोली ३८ अंशांवर जाते तिथे ती टिकणार नाही. रेचोतोबरोबर काळं चॉकलेट. वाइन नेहमी गोडाइतकी तरी गोड हवी, नाहीतर आंबट वाटते. म्हणून गुलाबजाम, जिलबीशी रेचोतोचं जमत नाही. तूप लावलेल्या, गूळ बेताच्या पुरणपोळीबरोबर मात्र मी ती दोनदा प्यायले आहे आणि जायफळाने दोन्ही वेळा काम केलं.

शेवटी वाढण्याबद्दल. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्या' हे वाक्य दगडी भिंतींच्या थंड घरांतून आलंय. रिपास्सो १६-१७ अंशांना प्यावी, साधी वाल्पोलिचेल्ला त्याहून दोन अंश गार, अमारोने १८ ला. आपल्याकडे बाहेर ठेवलेली बाटली कोमट असते आणि कोमट वाइनमध्ये पहिल्यांदा अल्कोहोलच नाकात जातं. म्हणून फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण तास. घाई असेल तर बर्फ आणि पाणी घातलेल्या बादलीत दहा-बारा मिनिटं. ग्लास मोठा घ्या आणि तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरा. पहिला घोट बेचव वाटला तर पंधरा-वीस मिनिटं ग्लासमध्येच राहू द्या. आंबट चेरी आधी येते, मग आलुबुखारा, दालचिनी मागून येते.

बाटली एका बैठकीत संपली नाही तर बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. दुसऱ्या दिवशी ती बऱ्याचदा अधिक मोकळी लागते, तिसऱ्या दिवसापर्यंत चांगली राहते. त्यानंतर उरलेली वाटीभर पुढच्या मटणात घाला, कांदा तपकिरी झाल्यावर आणि पाणी घालायच्या आधी, आणि वास निवेपर्यंत आटवा.